कोपरापासून बोटापर्यंत

"कापड मापताय का काय, पवार?" मोतीशेठ म्हणाला आणि दुकानातली तीन-चार गिऱ्हाइकं हसली.

मी दीड फुटी टामी उजव्या हातावर आडवी धरली होती. एक टोक कोपरापाशी, दुसरं मधल्या बोटाकडे. दोन बोटं जास्त भरत होती. मी ती खाली ठेवली.

काउंटरवर तीन टाम्या मांडलेल्या होत्या. टामी म्हणजे लोखंडाची जाड सळई, एक टोक चपटं. हाताच्या जोरानं जे जागचं हलत नाही ते उचकटायला, सरकवायला. गॅरेजात तिला टामी म्हणतात, पंचनाम्यात कटावणी. दुकानात दुसऱ्या कुणाच्या मनात ते आलं नसेल. माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

"काम काय आहे?" शेठनं विचारलं.

"मारुती गाडीचं फाउंडेशन बदलायचंय, इंजिन ज्यावर बसतं ते. गिअरबॉक्सकडचं. रबर फाटलंय, इंजिन थरथरतं."

"घरीच करणार?"

"घरीच."

"मग डोळे झाकून ही दोन फुटी न्या. टोक वाकडं आहे, कुठंही शिरतं. लांबी असली की जोर लागत नाही, एका हाताचं काम. ही दीड फुटीही चालेल, जरा घाम निघेल. आणि ही फुटाची..." त्यानं पिवळ्या मुठीची आखूड टामी बोटानं ढकलली. "ही रंगाचे डबे उघडायला."

बाजूला एक गवंडी खिळे तोलून घेत होता. तो म्हणाला, "शेठ, मोठी देऊ नका बरं का. कुणाचं दार उचकटलं तर तुमच्या दुकानाचं नाव यायचं!"

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत जोरात मीच हसलो असेन.

"फुटाची द्या," मी म्हणालो.

"अहो, पण..."

"चालतंय मला. फुटाचीच द्या."

ही दोन हजार दोन सालातली गोष्ट. मोहरगावच्या मार्केट यार्डात मी वजनकाट्यावर कारकून होतो. आयटीआय मोटार मेकॅनिकचं केलं होतं, पण गॅरेजवाले ओळखीशिवाय घेत नव्हते आणि ओळख सांगायची माझी तयारी नव्हती. दगडूनाना मिरगण्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. तीन वर्षांत त्या खोलीत माझ्याशिवाय दुसरं माणूस आलं नव्हतं. मी एक पेला घेतला होता. दुसरा घ्यायचं कधी कारणच पडलं नाही.

गाडी चौदा वर्षं जुनी होती, भंगारात जाता जाता माझ्याकडे आली. ती मी घेतली आईसाठी. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात झालं होतं आणि शनिवारी तिला सोडणार होते. मी तिला शब्द दिला होता: "शनिवारी मी गाडी घेऊन येतो. आपली, स्वतःची. आणि आता तू माझ्याकडेच राहायचं." माझी आई एस.टी. सोडली तर चारचाकीत आयुष्यात एकदाच बसली होती, ती पोलिसांच्या. मला ते पुसायचं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

गुरुवारी टामी आणली. शुक्रवारी रजा टाकून सकाळीच गाडीखाली शिरलो.

नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं मेस्त्री. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याला काम करताना बघणं हेच त्यांचं काम.

"जयवंता, एक विचारू का? इंजिन तापकऱ्यासारखं कापतंय आणि तू आधी काचा काळ्या करून आणल्यास. चारच्या चार. नवरी पळवून आणायचीय का?"

"ऊन लागतं नाना. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"हां, आई येणार म्हणालास नाही का. बरं आहे. कुठले म्हणालास तुम्ही पवार?"

"फलटणकडचे."

"फलटणकडचे," नाना म्हणाले. हे त्यांनी मला तीन वर्षांत पन्नास वेळा विचारलं असेल. दर वेळी मी फलटण सांगायचो आणि दर वेळी ते माझ्यामागून फलटण म्हणायचे.

गिअरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा देऊन जॅक लावला. जुनं रबर काढलं, नवं बसवलं. आता बोल्ट घालायचा एवढंच राहिलं. पण भोकाला भोक जुळेना. अर्ध्या बोटाचा फरक. इंजिन तेवढंच पलीकडे सरकायला हवं होतं. तेवढ्यासाठीच टामी.

मी आखूड टामी आत घातली. टेकू घ्यायचा तो चासीच्या लोखंडावर, आणि तिथपर्यंत ती पोचेना. चार बोटं कमी पडत होती. वरून घातली, खालून घातली. कोपर खरचटलं, घाम डोळ्यात गेला.

"चमच्यानं विहीर उपसतोयस बाबा," नाना म्हणाले. "माझी घे की. जिन्याखाली उभी आहे, अडीच फुटी, डेपोतली. एका हातानं काम होईल."

मी गाडीखालून मान बाहेर काढून बघितलं. जिन्याखाली ती टामी खरंच उभी होती. काळीभोर, टोकाला चकाकणारी. अंगणाला कुंपण नव्हतं. समोरून रस्ता जात होता आणि रस्त्यानं माणसं.

"नको नाना. होतंय ह्यानं."

"अरे, पण फुकट..."

"होतंय म्हटलं ना!"

आवाज चढला माझा. मी पुन्हा आत शिरलो आणि टेकू घेतला तो गिअरबॉक्सच्याच कानावर, बोल्ट जिथं बसतो त्या बाहेर आलेल्या तुकड्यावर. ॲल्युमिनियमचा तो कान. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला पण ठाऊक असतं, ॲल्युमिनियमवर टेकू घ्यायचा नाही. मला ठाऊक होतं. मी अंगाचा सगळा भार टामीवर टाकला.

खट्.

मोठा आवाज झाला नाही. सुपारी फुटावी एवढाच. कान तुटून माझ्या छातीवर पडला. गरम होता.

मी गाडीखालीच पडून राहिलो. नाना खुर्चीतून उठून आले, वाकून बघितलं. शिव्या देतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आता हे वेल्डिंगला जाणार. आठ-दहा दिवस धर. का रे नाही घेतलीस माझी?"

का नाही घेतली ते सांगतो. आता सांगायला कुणाच्या बापाची भीती नाही.

मी फासेपारधी. माझं नाव जयवंत नव्हे, जमादार. आमच्या पालावर पोरांना साहेबांची नावं ठेवायचे, म्हणजे साहेब मारताना जरा विचार करील. केला नाही कुठल्याच साहेबानं. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी नाव बदललं. आडनाव मात्र पवार, मराठ्यांतही असतं आणि आमच्यातही, त्यामुळं जे सांगीन ते खपून जाई. मी फलटण सांगायला लागलो.

मी सात वर्षांचा असताना माझा बाप विहिरीच्या कामावर होता. मुकादमाची पहार होती, चार फुटी. सकाळी परत न्यायची म्हणून पालात ठेवली. त्याच आठवड्यात जवळच्या गावात एक घर फुटलं. पोलीस आले, पालात हात घातला, पहार निघाली. "हिच्यानंच फोडलं." मुकादमानं सांगितलं, मी ह्या माणसाला ओळखत नाही. बाप अठरा महिने आत. आईलाही नेलं, तीन दिवस, जाळीच्या गाडीतून. बाप परत आला तो उभा राहताना भिंत शोधायचा. आमच्याकडे भिंत नव्हती. दोन पावसाळे काढले त्यानं.

तेव्हापासून आईचा नेम. कोपरापासून बोटापर्यंत, ह्यापेक्षा मोठं लोखंड पालात ठेवायचं नाही. विळा मापायची, कुऱ्हाडीचं पातं मापायची. मला ती शिवायचा दाभण पण मापून दाखवायची, हसत हसत. मी शिकलो, शर्ट-पँट घालायला लागलो, फलटणचा झालो. पण मोतीशेठच्या काउंटरवर माझा हात आपोआप आडवा झाला.

शनिवारी सकाळी नाना म्हणाले, "मग जा की एस.टी.नं. साडेनऊची आहे. संध्याकाळपर्यंत म्हातारी घरात."

"तिला गाडीचा शब्द दिलाय नाना."

"म्हातारीला गाडी हवीय का तू हवायस?"

साडेनऊची गेली, साडेअकराची गेली. मग चौकातल्या बूथवरून दवाखान्यात फोन लावला. वॉर्डातल्या सिस्टर होत्या.

"पवारबाईंचे कोण? मुलगा? अहो, त्या सकाळपासून गठुडं बांधून पायऱ्यांवर बसल्यात. सगळ्या वॉर्डाला सांगून झालंय, माझा लेक गाडी आणतोय म्हणून."

"गाडी बिघडली सांगा. मी उद्या येतो."

"उद्या? त्यांचा बेड दुसऱ्याला दिला आम्ही."

"सांगा तेवढं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

घरी येऊन भात टाकला. खाल्ला नाही. दिवसभर खोलीचं दार लावून बसलो.

रविवारी दुपारी दवाखान्यात पोचलो. आई पायऱ्यांवरच होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगावर मी दिवाळीत दिलेलं लुगडं, मांडीवर गठुडं. मी फाटकातून आत शिरायच्या आधीच ओरडली, "जमादार!" बाहेरचा हवालदार वळून बघायला लागला, त्याला कुणी हाक मारली म्हणून. माझ्या अंगावर काटा आला. तिच्या ओरडण्याचा नव्हे, आजूबाजूच्यांनी ऐकलं ह्याचा.

आम्ही आमच्या बोलीत बोललो. इथं मराठीत लिहितो.

"गाडी कुठं लावली?"

"गाडी मोडली आई. फोन केला होता मी."

"बाईनं सांगितलं. मला वाटलं, तरी आणशील." तिनं उघड्या डोळ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कशानं मोडली?"

सांगितलं. टामी, कान, चार बोटं कमी पडली ते.

"मग लांब घ्यायची."

"तूच म्हणायचीस ना. कोपरापासून बोटापर्यंत."

मला वाटलं तिला बरं वाटेल. एवढा शिकला तरी माझा शब्द पाळला म्हणेल. तिनं कपाळावर हात मारला.

"अरं बैला, तो नेम पालातला! पालाला दार असतं का? कुलूप असतं का? कुणीबी यायचं, हात घालायचा. तुझ्या खोलीला कुलूप हाय नव्हं?"

"आहे."

"किल्ली तुझ्याजवळ?"

"माझ्याजवळ."

"मग कुणाला भ्यालास?"

मी तिचं गठुडं उचललं. ती उठली नाही.

"आन् काल यष्टीनं का न्हाई आलास? आज आलास तसा."

खरं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते आईसमोर तोंडातून निघेना. स्टँडपासून नानांच्या घरापर्यंत वीस मिनिटं चालत जावं लागतं. भर बाजारातून. सोबत आई: हनुवटीवर गोंदण, नेसणं आमच्या पद्धतीचं, बोलणं आमच्या बोलीत, आणि आवाज असा की पलीकडच्या माळावर जावा. फलटणचे पवार वीस मिनिटांत संपले असते. म्हणून गाडी हवी होती. म्हणून इंजिनाच्या आधी काचा. मी सगळं ठरवून ठेवलं होतं: दुपारी दोनला, गल्ली झोपलेली असताना, गाडी मागं घेत घेत पार खोलीच्या दाराशी लावायची आणि तिला उतरवून आत न्यायचं. मग काही दिवस बाहेर सोडायचं नाही. डोळ्याला ऊन लागेल म्हणायचं.

"गेल्या खेपेला म्हणला होतास, काचा काळ्या केल्यात," आई म्हणाली.

"ऊन लागू नये म्हणून. तुझ्या डोळ्याला."

आईनं फाटकाकडे बघितलं.

"पोलिसाच्या गाडीला जाळी होती," ती म्हणाली. "आतून मला रस्ता दिसायचा, झाडं दिसायची. बाहेरच्याला आत कोण हाय ते दिसायचं न्हाई. आपली माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. मी वरडत होते. त्यांना कळलं न्हाई मी त्याच गाडीत हाय म्हणून."

मग ती उठली. गठुडं माझ्या हातातून काढून घेतलं.

"मला खडकीच्या गाडीत बसव. पालावर जाते."

"चल ना घरी," मी म्हणालो.

एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर ती आली असती, मी माझ्या आईला ओळखतो. ठाऊक होतं, म्हणूनच दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

खडकीची गाडी भरलेली होती. कंडक्टरनं तिच्याकडे बघून नाक मुरडलं आणि मागं जा म्हणाला. मी खाली उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. एक शब्द बोललो नाही त्याला. गाडी सुटली. खिडकीच्या काचेतून ती स्पष्ट दिसत होती, पट्टीसकट.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. गाडी अंगणात जॅकवर तशीच होती. मी पिवळ्या मुठीची टामी घेतली आणि काचांवरची काळी फिल्म खरवडायला बसलो. चारही काचा. त्या टामीनं एवढं एकच काम नीट झालं.

सोमवारी दुकान उघडताच मोतीशेठकडे गेलो. "दोन फुटी द्या."

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" शेठ खूश झाला. टामी जुन्या पेपरात गुंडाळायला लागला. "डबेच उघडले का मग त्या छोटीनं?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

"शेठ, मी फासेपारधी आहे," मी म्हणालो. "त्या दिवशी हसलात ना सगळे, तसं आता हसा."

कुणी हसलं नाही. शेठचा हात पेपरवर थांबला. मग त्याची नजर, अगदी क्षणभर, गल्ल्याकडे गेली. त्याला स्वतःला पण ती कळली नसेल. मला कळली. आम्हाला ती जन्मापासून कळते.

"पेपर नको. तशीच द्या."

दोन फूट लोखंड खांद्यावर टाकून मी भर बाजारातून चालत आलो. वीस मिनिटं. कुणी काही बोललं नाही. दोघांनी रस्ता ओलांडला, तो त्यांच्या कामासाठी असेल किंवा नसेल.

नाना अंगणात होते. मी टामी त्यांच्या पायापाशी ठेवली. "नाना, मी फलटणचा नाही. पारधी आहे. खोली सोडायची असेल तर सांगा."

"माहीत आहे," नाना म्हणाले.

"कधीपासून?"

"तू आलास त्याच महिन्यापासून. चौकीवरून एक जण विचारायला आला होता. मी सांगितलं, पोरगा सरळ आहे."

"मग दर वेळी कुठले पवार म्हणून का विचारत होतात?"

"म्हटलं, कधीतरी आपणहून खरं सांगशील. मी वाट बघत होतो."

हे ऐकायला चांगलं वाटतं. लोकांना मी सांगतो तेव्हा त्यांचे डोळे पाणावतात, काय देवमाणूस म्हणतात. मला तेव्हा तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याच्या जिन्याखाली अडीच फूट लोखंड बिनधास्त उभं असतं त्यानं आधी बोलायचं असतं. पन्नास वेळा त्यांनी माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि पन्नास वेळा खुर्चीत बसून ऐकलं. एकदा म्हणाले असते, "जयवंता, मला ठाऊक आहे, आण तुझी आई." मी साडेनऊची गाडी पकडली असती. मीही त्यांना हे तोंडावर बोललो नाही. घर त्यांचं होतं, मी भाडेकरू.

कान वेल्डिंग करून यायला अकरा दिवस लागले. मग लांब टामी आत घातली, टेकू चासीवर घेतला, एका हातानं दाबली. इंजिन मुकाट्यानं सरकलं. दुसऱ्या हातानं बोल्ट आत सोडला. मिनिटभराचं काम.

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्या रविवारनंतर ती मला सापडली ती सव्वा वर्षानं, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मग शेवटपर्यंत मी तिच्याकडे जात राहिलो. माझ्या गाडीत ती कधी बसली नाही. राग नव्हता तिला. "चालायला बरं वाटतं," म्हणायची.

बोल्ट बसला त्याच दिवशी मी गाडी काढली आणि खडकीच्या माळावर गेलो. स्वच्छ काचा, भर दुपार. पाल उठून गेलं होतं. चुलीचे तीन दगड होते, राख होती, एका खुंटीला दोरीचा तुकडा अडकलेला होता. गावातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, गेले कुठंतरी, त्यांचं काय. मी कोण म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो गेला.

मी चारही दारं उघडली. हॉर्न वाजवला, तीनदा. माळावर एक टिटवी तेवढी उठली. इंजिन बंद केलं नाही. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. ते आता जराही थरथरत नव्हतं.